परतीचा आकडा

रसमड्यात निवांत बसायला जागेची वानवा नाही. दुर्गहून राजनांदगावकडे निघालेली गाडी शिवनाथचा पूल ओलांडते आणि मग हे स्टेशन लागतं. एका अंगाला बोरई-रसमड्याचे कारखाने, दुसऱ्या अंगाला शेतं. नदीकाठी बसा किंवा घरच्या गच्चीवर, पण फोन जवळ नको. त्यात मालवणच्या स्कूबाचं बुकिंग असेल तर मुळीच नको. भिलाई-दुर्गच्या मराठी घरांत कोकणाची सहल ठरली की किल्ला, मासळी आणि स्कूबा ही तीन नावं हल्ली एका दमात घेतली जातात. पहिल्या दोन्हींना मनाची तयारी लागत नाही. तिसऱ्याला लागते, आणि ती मालवणपासून सरळ रेषेत हजारेक किलोमीटर दूर, कोरड्या जमिनीवर बसून केलेली बरी.

घाई करू नका. जिथे थांबायला सांगितलं आहे तिथे खरंच थांबा.

समोर शिवनाथ असेल तर तिच्याकडे जरा बघा. ती पुढे महानदीला मिळते, हिराकूडचं धरण पार करून कटकच्या बाजूने बंगालच्या उपसागराला जाते. तुम्ही ज्याकडे निघालात तो समुद्र नेमका उलट्या दिशेला आहे. तेव्हा या पाण्यात काही करून बघायचं नाही. नदीच्या डोहात एकट्याने मास्क लावून उतरण्याचा विचार मनात आला असेल तर तो काठावरच सोडून द्या.

आता तोंड किंचित उघडा. श्वास तोंडानेच आत घ्या, तोंडानेच बाहेर सोडा. नाकाला काही काम देऊ नका. चमत्कारिक वाटेल, घसा कोरडा पडेल. लहानपणापासून आपल्याला उलटंच शिकवलेलं असतं. पण पाण्याखाली नाक मास्कच्या आत बंद असतं आणि हवा येते ती दातांत धरलेल्या रेग्युलेटरमधून. ही सवय खुर्चीवर बसूनही लागते.

असेच आणखी काही श्वास. ज्यांनी प्राणायाम केला आहे त्यांच्या लक्षात येईल की आत आणि बाहेर यांच्या मधोमध श्वास आपसूक जरा थबकतो. त्या थबकण्यावर लक्ष ठेवा. पूरक, कुंभक, रेचक यांतलं मधलं अंग पाण्याखाली वर्ज्य आहे. रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये मांडलेला नियम आपण शाळेत पाठ केला तो परीक्षेसाठी. इथे तो छातीत भेटतो. पृष्ठभागावर जेवढा दाब असतो त्याच्या दुप्पट 10 मीटरवर असतो आणि तिप्पट 20 मीटरवर. 10 मीटर खाली भरलेला श्वास कोंडून कुणी वर आला तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसाला तेवढं ताणता येत नाही, ते फाटतं. त्याला खोलीही फार लागत नाही; सव्वा-दीड मीटरवरून भरल्या छातीने वर येतानाही इजा होऊ शकते. म्हणून या विद्येचा पहिला नियम एवढाच, की श्वास कधीही अडवायचा नाही. रेग्युलेटर तोंडातून निसटला तरी तो परत हाती येईपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

थांबा. थोडा वेळ न थबकणारा श्वास चालू राहू द्या. मोजू नका.

आता मास्क मनासमोर आणा. पुढे काच, तिच्याभोवती मऊ सिलिकॉनची झालर, नाकासाठी खोबण, मागे पट्टा. पोहण्याचा गॉगल इथे चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहतं. खाली जाताना मास्कमधली हवा आक्रसते आणि मास्क चेहऱ्याला आत ओढू लागतो. अशा वेळी नाकातून थोडी हवा आत सोडली की ओढ सुटते. न सोडली तर डोळ्यांभोवती रक्त साकळतं. म्हणजे नाकाला पाण्याखाली घेण्याचा हक्क नाही, देण्याचा आहे. कानांसाठीही त्याचीच मदत घ्यायची. खोबणीवरून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दर मीटरभर, आणि कान दुखायच्या आधी. दुखू लागलाच तर जोर लावायचा नाही, थोडं वर येऊन पुन्हा बघायचं. सर्दी असेल त्या दिवशी उतरायचंच नाही, मग पैसे भरलेले का असेनात.

मास्क आपल्याला बसतो की नाही हे पट्टा न लावता बघतात. चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने हलका श्वास ओढायचा आणि हात काढून घ्यायचा. तो चिकटून राहिला तर तुमचा. केसांची एक बट झालरीखाली राहिली तरी पाणी झिरपतं, मिशी असेल तर झिरपतंच. काही जण मिशीला व्हॅसलिन चोपडतात. सिलिकॉनला ते मानवत नाही, आणि मास्क बहुधा आपल्या मालकीचा नसतो. नाकाखालची मिशी थोडी कातरणं हा खरा इलाज आहे. बाकी मिशीचं मोल ज्याचं त्याने ठरवावं. पट्टा करकचून आवळल्याने गळती थांबत नाही, झालर वाकडी होऊन उलट वाढते. मोकळं हसलं तरी गालाला वळी पडून पाणी आत येतं, तेव्हा फोटोसाठी हसायचंच असेल तर डोळ्यांनी हसावं.

काच धुकटू नये म्हणून जगभरचे डायव्हर अजूनही जुनाच उपाय करतात. कोरड्या काचेला आतून थुंकी लावून बोटाने चोळायची आणि समुद्राच्या पाण्याने विसळायची. सोवळं-ओवळं जपलेल्या घरातल्या माणसाला हे जड जाईल. पण शिष्टाचार थुंकण्याशी अडत नाही, कुठे विसळता याच्याशी अडतो. बोटीवर कॅमेऱ्यांसाठी गोड्या पाण्याची बादली ठेवलेली असते, तिच्यात मास्क बुडवायचा नाही. पर्यटकांच्या बोटीवरचा मास्क सकाळपासून किती चेहऱ्यांवरून फिरला असेल सांगता येत नाही. हातात घेताना तो धुतला आहे का, हे विचारायला लाजू नये. परत देताना धुऊन द्यायलाही लाजू नये. काच खाली करून फळीवर ठेवू नये, टाकीशेजारी तर नाहीच, कारण बोट हलली की टाकी लोळते. कपाळावर सरकवून गप्पा मारत बसू नये. एक लाट आली की तो समुद्रात जातो, शिवाय जुन्या डायव्हरांच्या लेखी कपाळावरचा मास्क ही संकटातल्या माणसाची खूण असते. गळ्यात उतरवून ठेवावा. पाण्यात दुसऱ्याच्या तोंडाजवळून फिन्स, म्हणजे पायांतले पंखे, मारत पुढे घुसू नये, आणि दुसऱ्याच्या मास्कला तर त्याने खूण केल्याशिवाय हात लावू नये. या सगळ्या बारीकसारीक रीतींमागे कारण एकच आहे. खाली गेल्यावर त्या माणसाकडे तेवढीच एक खिडकी असते.

आणि ती खिडकीही थोडी खोटं बोलते. पाणी, काच आणि हवा यांतून येताना प्रकाश वळतो, म्हणून वस्तू पाव हिश्शाने जवळ आणि तिसऱ्या हिश्शाने मोठी दिसते. लाल रंग तर पहिल्या काही मीटरमध्येच विझत जातो. परतल्यावर पाहिलेल्या माशाची लांबी सांगताना एवढी वजावट करावी.

आता जरा स्थिर बसा. अशी कल्पना करा की कुणाचा तरी फिन लागला आणि मास्कच्या कडेतून पाणी आत आलं. गार, खारं, नाकपुड्यांपर्यंत. या क्षणी शरीराला काय करावंसं वाटतं ते नीट बघा. नाकाने श्वास ओढावा, मास्क ओरबाडून काढावा, सरळ वर धाव घ्यावी. तिन्ही इच्छा जमिनीवर शहाणपणाच्या आहेत. त्यांना हाकलू नका, येऊ द्या. त्या येत असतानाच तोंडाने श्वास चालू ठेवा. एक आत, एक बाहेर. हवा मास्कमधून येतच नव्हती. मास्क भरला म्हणून ती अडलेली नाही. हे बुद्धीला लगेच पटतं. नाकाला पटायला वेळ लागतो, तेवढा वेळ त्याला द्या.

मग हात सावकाश मास्कच्या वरच्या कडेवर न्या. कड कपाळाशी दाबून धरा. नजर वर. नाकातून एक लांब उच्छ्वास. वरून हवा भरत जाते आणि पाणी खालच्या कडेतून निघून जातं. थोडं राहिलं तर पुन्हा. उजळणी मनात कितीही वेळा करा, पण प्रत्यक्षात ती उथळ पाण्यात, प्रशिक्षकासमोरच करायची. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. ज्यांना एका डुबकीवर थांबायचं नाही त्यांनी तिची वाट धरावी. किल्ल्याच्या आसपास हात धरून दाखवतात तेवढ्यात हे शिकून होत नाही. तो अनुभव छानच असतो, पण ते डायव्हिंग दुसऱ्याने केलेलं असतं.

आता आकडे. मननात आकड्यांचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण पाण्याखालची शांतता बरीचशी आकड्यांनी मिळते असं माझं मत आहे.

डोळे मिटून करता येईल असा हिशेब घेऊ. 12 लिटरची टाकी 200 बार दाबाने भरली की तीत मोकळ्या हवेच्या हिशेबाने सुमारे 2400 लिटर हवा मावते. त्यातले 50 बार, म्हणजे 600 लिटर, आपले नाहीतच असं धरायचं, ते अडीअडचणीचे. उरले 1800. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागणाऱ्या माणसाला 10 मीटरवर 40 लागतात, 20 मीटरवर 60. म्हणजे 10 मीटरवर ही हवा पाऊण तास पुरेल आणि 20 मीटरवर अर्धाच तास. माणूस तोच, टाकी तीच. घाबरून धापा टाकल्या तर हा अर्धा तासही राहत नाही.

आता मुख्य प्रश्न. परत कधी फिरायचं? बोट जिथे उभी आहे तिथेच वर यायचं असेल तर वापरायच्या 150 बारपैकी निम्मे जाताना आणि निम्मे येताना. दाबमापकाचा काटा 200 वरून 125 वर आला की मागे वळायचं. तेव्हा समोर काय असेल याचा विचार आत्ता करा. प्रवाळाच्या कपारीतून एखादा मोठा मासा नुकताच बाहेर आलेला असेल. सोबतचे पुढे जात असतील. अंगात बळ असेल, टाकीत हवाही चिक्कार दिसत असेल. वळायला एकही कारण दिसणार नाही, तो आकडा सोडून.

म्हणूनच तो आकडा वर, बोटीवर, आणि त्याहून आधी इथे ठरवायचा असतो. खाली ठरवणारा माणूस निराळा असतो. साधारण 30 मीटरच्या आसपास दाबाखालच्या नायट्रोजनची धुंदी बऱ्याच जणांना जाणवू लागते. त्या धुंदीत माणसाला सगळं ठीक वाटतं, आणि तेच तिचं लक्षण. सुरुवातीचा अभ्यासक्रम केलेल्यांना 18 मीटरची मर्यादा घालून देतात, हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा 40 मीटर धरतात. मालवणच्या पाहुण्याला काही मीटरच खाली नेतात, तिथे धुंदीचा प्रश्न नाही. पण आनंदाची धुंदी तीन मीटरवरही चढते.

आकडा आधीच का ठरवायचा, हे भिलाईच्या कारखान्यात हयात गेलेल्यांना समजावून सांगावं लागत नाही. गॅसच्या लाईनवर काम निघालं की आधी शटडाऊन, मग परमिट, खिशाला सीओ मॉनिटर, बाहेर उभा जोडीदार. आपण अनुभवी आहोत, आपल्याला कळेल, असं म्हणायला तिथे जागा नसते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. 12 जून 2014 ला भिलाई इस्पात संयंत्रात पंप हाऊसच्या भागात गॅस शिरून सहा जण गेले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. ज्येष्ठता वायूला दिसत नाही. पाण्यालाही दिसत नाही.

या दोन धोक्यांना जोडणारा एक माणूस आहे. जॉन स्कॉट हॉल्डेन. ब्रिटनच्या कोळसाखाणींत स्फोटानंतर माणसं कशाने मरतात याचा त्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छडा लावला आणि कार्बन मोनॉक्साइडवर बोट ठेवलं. खाणीत इशाऱ्यासाठी कॅनरी पक्षी न्यावेत ही सूचना त्याची. पुढे याच माणसाने बोकडांना दाबाच्या कोठडीत ठेवून, पाण्याखालून किती वेगाने वर यावं याची कोष्टकं बसवली. ती 1908 मध्ये प्रसिद्ध झाली. दाबाखाली नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत मुरतो. घाईने वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांध्यांपासून मेंदूपर्यंत कुठेही अडतात. आज मनगटावरचे डायव्ह कॉम्प्युटर जे गणित करतात त्याचा पाया त्या बोकडांनी घातला. जॉन हॉल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन यानेही नौदलासाठी दाबाच्या कोठडीत स्वतःवर प्रयोग केले, पुढे तो भारतात आला, इथलाच झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला. तुमच्या समोरचं पाणी त्याच बाजूला चाललं आहे. हे केवळ जाता जाता.

आता हातांकडे या. उजव्या हाताचा अंगठा वर करा. रोजच्या व्यवहारात याचा अर्थ छान, उत्तम, चालू द्या. पाण्याखाली याचा अर्थ ‘वर चला’. छान म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात. नवशिक्याने आनंदाने अंगठा दाखवावा आणि गाईडने त्याला लगेच वर आणावं, ही गंमत बोटीवर सतत घडते. तिला हसू नये. गाईडने बरोबरच केलेलं असतं. कारण त्या अंगठ्याला का म्हणून विचारायचं नसतं. कुणीही, कधीही, काहीही कारण न देता डुबकी संपवू शकतो, पाण्यात उतरण्याआधीसुद्धा. आणि वर आल्यावर त्याला टोमणा मारायचा नाही. स्कूबाच्या साऱ्या शिष्टाचारात मला हा सर्वांत मोलाचा वाटतो, आणि आपल्याकडे सर्वांत अवघडही. सहकुटुंब गेलेल्या सहलीत, भावोजी आणि मेहुण्यांसमोर, ‘मी नाही उतरत’ असं म्हणायला खोल पाण्यापेक्षा जास्त धैर्य लागतं.

मनात ते वाक्य एकदा म्हणून बघा. कारण न जोडता. पुन्हा एकदा.

आणि घरातलं कुणी ते म्हणालं, तर आपण काय बोलू? ‘बरं’ एवढंच म्हणायची तालीमही आत्ताच करा.

जोडीदाराचंही आधी बोलून घ्यायचं. तो दिसेनासा झाला तर मिनिटभर आजूबाजूला शोधायचं, मग सावकाश वर यायचं. तोही तेच करेल, कारण दोघांचं तसं ठरलेलं आहे. ठरलेलं नसेल तर एक जण खाली शोधत राहतो आणि दुसरा वर वाट बघत.

बोटीचा विचार सहसा कुणी डुबकीच्या नियोजनात धरत नाही. 24 मे 2022 ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट बुडाली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखालचा भाग तोवर आटोपलेला होता. ते मे महिन्याचे शेवटचे दिवस, पावसाळा तोंडावर. तेव्हा लाईफ जॅकेट आहे का आणि ते अंगात आहे का, बोटीत माणसं किती, वारा कसा, किनाऱ्यावरचे मच्छीमार आज काय म्हणताहेत, हे चढायच्या आधी बघायचं. होड्या ओढून वर घेतलेल्या दिसल्या तर विचारायचीही गरज नाही.

आता वर येऊ या. सावकाश, मिनिटाला 9 मीटरहून जास्त नाही. 5 मीटरवर थांबायचं, तीन मिनिटं. त्याला सेफ्टी स्टॉप म्हणतात. खाली करायचं सगळं करून झालेलं असतं, बोटीचा तळ दिसत असतो, वर चहा असतो, आणि तरी थांबायचं असतं. शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचा काही भाग श्वासावाटे जायला एवढा अवधी मिळतो. तीन मिनिटं बसून बघा. घड्याळ लावा आणि काहीही करू नका. तोंडाने आत, तोंडाने बाहेर. दीड मिनिटाच्या सुमारास उठावंसं वाटेल. पाण्यातही नेमकं तेव्हाच वाटतं.

झाली तीन मिनिटं? एक काम राहिलं आहे, आणि ते घाटाचं आहे.

डुबकीनंतर लगेच विमानात बसू नये हे बहुतेकांना ठाऊक असतं: एकाच डुबकीनंतर किमान 12 तास, जास्त डुबक्या किंवा सलग दिवस असतील तर 18. पण हा नियम विमानाचा नाही, उंचीचा आहे. साधारण 600 मीटरपासून तो लागू धरतात. आंबोली 690 मीटरवर आहे. मालवणहून मोटारीने आंबोली चढणारा माणूस विमानात न बसताही दोन तासांत त्या उंचीवर पोचतो, आणि वाटेत धबधब्यापाशी भजी खायला थांबतो तेव्हा आपण पाण्यातून अजून पुरते वर आलेलो नाही हे त्याच्या मनातही नसतं. दोन-तीन मीटरच्या हात-धरल्या डुबकीने फारसं बिघडत नाही. पण प्रशिक्षण घेऊन दिवसाला दोन-दोन वेळा उतरणाऱ्याने हे विसरून चालणार नाही. रसमड्याकडे परतताना कोणतीही वाट धरली तरी सह्याद्री आडवा येतोच. कोल्हापूरला जाऊन गोंदियाची महाराष्ट्र एक्स्प्रेस धरायची तर घाट लगेच लागतो. कोकण रेल्वेने कल्याणला येऊन नागपूरकडे वळायचं तर कसाऱ्याचा घाट बऱ्याच तासांनी येतो, ते त्या मानाने बरं. म्हणून डुबकी सहलीच्या पहिल्या दिवशी ठेवा, किल्ला आणि बाजार शेवटच्या दिवशी, आणि परतीचं तिकीट काढायचं राहिलं असेल तर घाटाच्या वेळेपासून मागे मोजत काढा.